तिसऱ्या लेव्हलमधला माझा आवाज

मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते, पुढे लागेल. आज याच वेळेला, नांदेडमधल्या माझ्या राहत्या घरी, माझ्याच व्हरांड्यात, माझा आवाज चोरीला गेल्याचे मला समजले.

बातमी शेषेरावने आणली. शेषेराव म्हणजे आमच्या टेलिफोन खात्यातला निवृत्त लाइनमन. मूळचा हिमायतनगरचा, आता तीन घरे सोडून राहतो आणि दिवसभर मोबाइल बघतो. त्याची सून नातीला झोपवायला कसलेसे म्युझिक लावते. ते ऐकून हा अनवाणीच धावत आला. म्हणाला, "म्याडम, ह्यात तुमी हायेत." मी म्हटले, शुद्धीवर ये. तर म्हणतो, "वीस साल लायनीवर तुमच्या शिव्या खाल्ल्या, म्या वळखणार न्हाई व्हय?" शिव्या हा शब्द मागे घे म्हटले. घेतला नाही.

फोन कानाला लावला. आधी खरखर. मग एक ढिम्म ढोल, गोदामात कोणी सावकाश पोती टाकावीत तसा. त्यावर एक टुणटुण धून. आणि मग मी. स्वच्छ, ठणठणीत, एकोणीसशे शहाण्णव सालची मी: "रुद्र, आवाज कमी कर. मी निघाले. जेवून घे." त्यानंतर नुसते "जेवून घे", आणखी तीनदा. प्रत्येक वेळी जरा लांबून, विहिरीत उतरत गेल्यासारखे.

रुद्रेश माझा मुलगा. वय चव्वेचाळीस, मुक्काम लातूर. गेली सहा वर्षे आमचा संपर्क मर्यादित आहे. म्हणजे नाही.

परवानगी मागितली नाही. कळवलेसुद्धा नाही. कठोर कारवाई करायची, ठरले.

तोच दिवस. संध्याकाळी ६.३०.

शेषेरावकडून ते माझ्या मोबाइलवर लावून घेतले. पाच वेळा ऐकले. केवळ पुरावा म्हणून.

बुधवार, ६ ऑगस्ट.

प्रकरणाची हकिगत. १९९५ साली मी रुद्रेशला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला. माझ्या ओव्हरटाइमच्या पैशातून, हे कुणाच्या लक्षात नसते. त्यात एक चौकोनी माणूस शिड्या चढायचा आणि मागे शिवणयंत्रासारखे संगीत चालायचे. खेळायची परवानगी फक्त रविवारी. म्हणून हा रविवारी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून तिसऱ्या लेव्हलचे संगीत भरून घ्यायचा आणि आठवडाभर तेवढेच ऐकत बसायचा. अशाच एका कॅसेटमध्ये मी ड्यूटीला निघताना सापडले असणार. माझी तेव्हा संध्याकाळची ड्यूटी होती, ट्रंक एक्स्चेंजला, परगावचे कॉल जोडायची. मल्लिनाथ, म्हणजे माझे मिस्टर (आता नाहीत), तेव्हा इस्लापूरच्या शाळेवर होते, शनिवारी यायचे, रविवारी दुपारी परत जायचे. त्यामुळे मुलाला घरात पूर्ण स्वातंत्र्य होते.

आता चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने ती धून अर्ध्या वेगाने चालवली आहे, बॅटरी उतरल्यासारखी. या प्रकाराला ट्रिप-हॉप म्हणतात, तसे खालीच लिहिले आहे. ट्रिप म्हणजे अडखळणे, हॉप म्हणजे लंगडी घालणे. कबुली नावातच दिली आहे. शीर्षक: "तिसरी लेव्हल, स्लो".

सगळ्यात संताप खरखरीचा आला. लाइनवरच्या त्याच खरखरीविरुद्ध अडतीस वर्षे मी तक्रारी लिहिल्या. शेषेरावला भर उन्हात खांबावर चढवले. आणि माझा मुलगा ती मुद्दाम घालतो. शेषेराव म्हणतो, आता लोकांना ती आवडते. मग मी निवृत्त झाले ते योग्य वेळी झाले म्हणायचे.

आज ऐकले: चार वेळा. एकदा इयरफोन लावून, कारण पुरावा नीट ऐकू आला पाहिजे. एक कबूल करते, उच्चार निर्दोष आहेत. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेट शब्दाचे शेवटचे अक्षर गिळणाऱ्या मुलीला उभी करायच्या. "घे" कसा पूर्ण आला आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट.

खाली लोकांनी लिहिलेले शेरे वाचले. अकरा हजार लोकांनी हे ऐकले आहे! एकाने ब्राझीलहून विचारले आहे, ही बाई कोण आणि काय म्हणते आहे. रुद्रेशचे इंग्रजीत उत्तर: "माझी आई. १९९६. जेवून घे म्हणते आहे." बस्स. तिथे थांबला.

त्याखाली तेवीस लोकांनी मला श्रद्धांजली वाहिली आहे.

तेवीस! हात जोडलेली चित्रे, मेणबत्त्या, एकाने कबुतर. कोल्हापूरच्या कोणीतरी लिहिले आहे, "अशी माया आता कुठे." फिलिपिन्सची एक मुलगी रोज परीक्षेचा अभ्यास करताना माझ्या आत्म्याला धन्यवाद देते. आणि चिरंजीवांनी यातल्या एकाही माणसाला सांगितलेले नाही की बाई नांदेडला आहे, पेन्शन घेते आहे, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देते आहे.

दुसरे. "जेवून घे" चार वेळा का? एकदा म्हटलेले चारदा वाजवले की ऐकणाऱ्याला वाटणारच, मुलाला जेवायला मिळत नसावे. गॅसवर कुकर भरलेला असायचा. फक्त वाढून घ्यायचे असायचे.

शनिवार, ९ ऑगस्ट.

नोटिशीचा मसुदा. सकाळी सहापासून बसले आहे. तक्रारीच्या पत्रात विशेषण नसावे, हे सिस्टर बर्नडेटचे शिक्षण. पहिल्या मसुद्यातून एकोणीस विशेषणे काढली. "कृतघ्न" दोनदा होते.

माझ्या पत्रांमुळे वाद होतात असा एक गैरसमज नातेवाइकांत आहे. त्याची हकिगत अशी. सहा वर्षांपूर्वी रुद्रेशने परमनंट सरकारी नोकरीचा राजीनामा दिला, कशासाठी, तर लातूरला खोली घेऊन लग्नाच्या व्हिडिओंचे साउंड नीट करायला. मी त्याच्या साहेबांना पाच पानी पत्र पाठवले. मुलगा भोळा आहे, राजीनामा स्वीकारू नये, कोणतीही गोष्ट पुरी करणे त्याच्या स्वभावात नाही, उदाहरणे एक ते नऊ. साहेबांनी ते सगळ्या स्टाफसमोर वाचले म्हणतात. वाचन चांगले झाले असावे, कारण लोक हसत होते असे ऐकले. रुद्रेशने त्याच दिवशी फोन करून एवढेच विचारले, "नऊ?" आणि ठेवला. तेव्हापासून तो कामात आहे.

अंतिम मसुदा:

१. माझा आवाज सदर संगीतातून मूळ प्रतीसह कायमचा नष्ट करावा.
२. मी हयात असल्याचा खुलासा ठळक अक्षरांत करावा.
३. मूल उपाशी राहत नव्हते, हाही खुलासा करावा.
४. लेखी माफीनामा समक्ष येऊन सादर करावा.

खरा मुद्दा चौथा आहे. तो मुद्दाम शेवटी टाकला, नजरेत भरू नये म्हणून. "समक्ष येऊन" खाली रेघ मारली होती, ती खोडली. मग खोडलेले दिसू नये म्हणून पुन्हा सगळे पान लिहिले.

सोमवार, ११ ऑगस्ट.

नोटीस पोस्टात टाकली. काउंटरवरच्या बाईंनी विचारले, लातूर का, राखी राहिली होती का? मी म्हटले, कायदेशीर नोटीस आहे. कुणाला म्हणाल्या. मी पावती मागितली.

गुरुवार, १४ ऑगस्ट.

डिलिव्हर झाली! सकाळी ११.२०. सही: पुनम. म्हणजे माझी सून. लातूर-नांदेड चार तास धरले तरी आज संध्याकाळी पोहोचू शकतात. उद्या सुट्टी आहे, परवा शनिवार, रविवार. तारीख मी हिशेबाने धरली होती.

धोरण ठरले आहे. पहिल्या बेलला दार उघडायचे नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या बेलला सावकाश जायचे, चष्मा पुसत. "अरे, तुम्ही?" असे म्हणायचे नाही, कारण ते आनंद झाल्यासारखे वाटते.

त्याची खोली झाडून घेतली. वाद घालायला स्वच्छ जागा बरी. धपाट्यांचे पीठ भिजवले, दही विरजले, शेंगदाण्याची चटणी कुटली. माफी मागायला आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवणे मला जमणार नाही. विशेषतः मुद्दा क्रमांक तीन लक्षात घेता.

बेल दाबून बघितली. वाजत नाही. कधीपासून, माहीत नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट.

शेषेरावने बेल दुरुस्त केली. झेंडावंदनाच्या कपड्यांतच स्टुलावर चढला.

दुपारी दीड वाजता बेल वाजली. मी उठले नाही. दुसऱ्यांदा वाजली. हाताला पीठ होते ते धुतले. तिसऱ्यांदा वाजली. चष्मा पुसत गेले.

शेषेराव होता. बेल चालते का ते बघत होता. म्हणाला, "म्याडम, इतका टाइम? म्या म्हणलं पुन्हा बिघडली का काय." धपाटे त्यालाच दिले. सहा खाल्ले.

मंगळवार, १९ ऑगस्ट.

कपाटातून जुने तक्रार रजिस्टर काढले. वादात उपयोगी पडेल. आमच्या घरात तक्रार तोंडी चालत नसे. खात्यात जशी, तशीच घरी: तारीख, स्वरूप, सही. मी ड्यूटीवरून आले की वाचायची आणि शेरा मारायची. मुलाला शिस्त लागावी, लेखनही सुधारावे. शेजारच्या बायका हसायच्या. त्यांची मुले अजून अर्ज लिहायला दुसऱ्याकडे जातात.

१९९२ ते १९९७, एकूण तक्रारी २१२, निकाली २१२. असा रेकॉर्ड आमच्या एक्स्चेंजचाही नव्हता.

नमुने. "आज शाळेत सगळ्यांचे आईबाबा आले होते." शेरा: नोंद घेतली. "अंधारात एकट्याला भीती वाटली." शेरा: बल्ब बदलला. "आजपण एकटाच जेवलो." शेरा: भाजी संपवली नाही, खुलासा करावा. त्याखाली त्याचा खुलासा: "एकट्याला संपत नाही." शेरा: नोंद घेतली.

किती नेमके लिहायचा!

१९९७ च्या जानेवारीत मी तो गेम भंगारवाल्याला दिला, दहावी तोंडावर होती. रजिस्टरमध्ये त्याबद्दल काही नाही. त्यानंतर एकही तक्रार नाही. मागची चाळीस पाने कोरी आहेत. यावरून गेम गेल्यावर घरात कुणाची काही तक्रार उरली नव्हती, हे सिद्ध होते.

रजिस्टर परत आत ठेवले. सध्या ते वादात न वापरलेले बरे.

रविवार, २४ ऑगस्ट.

दहा दिवस झाले, उत्तर नाही. पोहोच मिळाली का एवढे विचारण्यापुरता पुनमला फोन केला. साडेतीन मिनिटे. तिचा स्वभाव वाईट नाही, शिरूर अनंतपाळची आहे, सरळ बोलते. जरा जास्त सरळ.

मी विचारले, नोटीस मिळाली का? म्हणाली, "मिळाली की आत्या. फ्रिजवर लावली." फ्रिजवर? "हाव. येता जाता बघून राहिलेत." मग तो काय म्हणाला? "काही न्हाई म्हणले. दोन दिस कामच करत बसले. मग म्हणले, आईला काय पाहिजे ते तिनं लिहून दिलंय, आता बोलून काय करायचं."

हे वाक्य मी शब्दशः उतरवून घेतले. याचा अर्थ त्याला लेखी पद्धतीचे महत्त्व पटले आहे. चांगले लक्षण.

पुनमने विचारले, "आत्या, तुमी त्यांच्याशी बोलता का? देऊ का?" मी म्हटले, प्रकरण लेखी चालू असताना तोंडी बोलणे योग्य नाही. ती म्हणाली, "तुमी दोघं मायलेक कागदावरच ऱ्हा." उद्धटपणा. पण चिडून म्हणाली नाही, दमून म्हणाली.

मागून तिसऱ्या लेव्हलचे संगीत ऐकू येत होते. त्यात मी आले होते की नाही, ते कळले नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट.

महालक्ष्म्या. सणाला सून सासरी येते, तिला वेगळे आमंत्रण द्यायची पद्धत नाही. मी दिले नाही.

पावले काढली. मुखवटे दारातून आत आणताना एकीने आणायचे आणि दुसरीने विचारायचे असते, कोणत्या पावलांनी आल्या. विचारणारीही मीच, सोन्याच्या पावलांनी म्हणणारीही मीच. विचारून होईपर्यंत थांबायचे, मग उत्तर द्यायचे. जमते. जरा वेळ लागतो.

बस बहुतेक मिळाली नसेल. सणाला गर्दी असते.

सोमवार, १ सप्टेंबर.

सोळा भाज्या, पुरण, आंबील. शेषेरावच्या घरची चौघे जेवली. त्याच्या सुनेने नातीला माझ्या मांडीवर दिले आणि म्हणाली, "बघ, तुझी जेवून घे आजी." मी म्हटले, मला नाव आहे. पोर माझ्याकडे बघून जांभई द्यायला लागले.

बुधवार, ३ सप्टेंबर.

स्मरणपत्र पाठवले. या वेळी भाषा कडक. "सात सप्टेंबरपर्यंत मुद्दा क्रमांक एकची पूर्तता न झाल्यास सायबर शाखेकडे जाण्याशिवाय पर्याय उरणार नाही." चौथ्या मुद्द्याचा उल्लेख या वेळी केला नाही. सारखा केला तर त्याला वाटेल, तोच खरा मुद्दा आहे.

शेषेराव पोस्टापर्यंत सोबत आला आणि वाटभर डोके खाल्ले. "म्याडम, लेकराला सीधा फोन लावा. आता काय ट्रंक बुक करून बसायचंय का?" मी त्याला समजावले. अडतीस वर्षे मी लोकांना फोनवर बोलताना ऐकले आहे. तीन मिनिटांचा कॉल, त्यातली अडीच मिनिटे रडण्यात जायची आणि मग मुद्द्याचे बोलायच्या आत लाइन तोडावी लागायची. कागदावर माणूस मुद्द्यावर राहतो. शेषेराव म्हणाला, "पण त्ये लोक पुन्हा पैसे भरून पुन्हा रडायला यायचे की." माझ्याकडे उत्तर होते. पोस्ट आले, म्हणून राहिले.

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ९.१५.

विजय.

शेषेराव आला. आज चप्पल घालून आला. म्हणाला, "म्याडम, तुमी गेलाव. कालपासून तुमी न्हाईत त्याच्यात. नात झोपंना."

बघितले. जुने काढून टाकले आहे, माझ्या मोबाइलवरही आता लागत नाही. तेवीस श्रद्धांजल्या त्याच्याबरोबर गेल्या. नवीन टाकले आहे, शीर्षक तेच. मुदतीच्या आत, तंतोतंत, वाद न घालता. कोणतीही गोष्ट पुरी करत नाही, असे मी त्याच्या साहेबांना लिहिले होते. तो मुद्दा मागे घ्यायला हवा. कुणाकडे घ्यायचा, साहेब तर रिटायर झाले.

मुद्दा एकची पूर्तता. दोन आणि तीन आता लागू होत नाहीत, कारण बाईच नाही तर खुलासा कसला. उरला चौथा.

मंगळवार, ९ सप्टेंबर.

पूर्ततेची खातरजमा केली. सहा वेळा.

खरखर तशीच आहे. ढोल तसाच. मग जिथे मी यायचे तिथे ढोल थांबतो, धून थांबते. पूर्वीसारखेच. मला जागा करून द्यावी तसे. आणि कोणी बोलत नाही. तेवढी जागा त्याने जोडून टाकली नाही, बुजवली नाही, तशीच ठेवली आहे. मग पुन्हा ढोल. पुढे तीन वेळा तसेच थांबते.

बरोबर कुठे बोलायचे ते मला पाठ आहे. सहाव्या खेपेला बोलून बघितले. जरा उशीर झाला.

बुधवार, १० सप्टेंबर. सकाळी १०.४०.

पुनमला फोन केला. मुद्दा क्रमांक एकमध्ये अंशतः शिथिलता देण्याचा माझा विचार आहे, असे सांगितले. म्हणजे काय आत्या, म्हणाली. म्हणजे, योग्य ते श्रेय देऊन, हयात असल्याची टीप टाकून, आवाज पुन्हा घातला तर माझी हरकत नाही. निदान एकदा. चार वेळा नको.

मला वाटले लाइन गेली. हॅलो हॅलो केले.

म्हणाली, "आत्या, कॅसेट न्हाई आता." का? "तुमीच लिहिलतं ना, मूळ प्रतीसकट." मग माझी समजूत घालावी तसे हळू सांगत गेली. दुसरे पत्र आले त्या दिवशी जेवले नाहीत. कॅसेट घेऊन बसले. "म्या म्हणलं नका हो, ऱ्हाऊ द्या, म्हातारं माणूस रागात लिहितं. म्हणले, आईनं लिहून दिलंय. रीळ सगळी ओढून काढली अन् कैचीनं कापली. कॉम्प्युटरमधलंबी काढलं. मला म्हणले, बघ, निकाली झालं का न्हाई."

म्हातारे माणूस या शब्दाला हरकत घ्यायची राहिली.

तो कसा आहे, विचारले. प्रकरणाशी संबंध नसलेला प्रश्न, पण विचारला. "बरे हायत. खायाचं ध्यान न्हाई. कामाला बसले की ताट तसंच पडून ऱ्हातंय." मी निरोप द्यायला तोंड उघडले. जो निरोप तोंडावर आला तो मीच नोटीस देऊन बंद केलेला आहे. मी म्हटले, बरं, ठेवते.

एक मिनिट पन्नास सेकंद.

गुरुवार, ११ सप्टेंबर.

उपाय सापडला. आवाज माझा, घसाही माझाच. पुन्हा भरून पाठवायचा. मूळ प्रतीची गरजच काय!

शेषेरावच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग केले. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कोमट पाणी घेतले. "रुद्र, आवाज कमी कर. मी निघाले. जेवून घे." चौदा वेळा. सहाव्यांदा खोकला आला, नवव्यांदा "निघाले"च्या जागी "थांबले" म्हटले, कसे कोण जाणे. अकराव्यांदा सगळे बरोबर आले.

लावून ऐकले. कोणीतरी चिरकी बाई लांबून कुणाला तरी विनंती करत होती. शेषेराव भिडेखातर फोनची काच पुसत बसला. मी म्हटले, खरे सांग. म्हणाला, "म्याडम, ह्ये तुमच्या आईवाणी वाटायलंय."

फोन सदोष आहे. स्वस्तातला आहे. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्यांदाही सदोषच होता.

शेषेराव जाताना म्हणाला, नात काल तशीच झोपली. सवय झाली तिला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. सकाळी ७.

अंतिम पत्र. मसुदा एकदाच केला, खाडाखोड नाही. नक्कल येथे ठेवते.

प्रति, श्री. रुद्रेश मल्लिनाथ बिडवे, लातूर.

विषय: मागील दोन्ही पत्रे रद्द समजणेबाबत.

महोदय, दिनांक ११ ऑगस्टची नोटीस आणि ३ सप्टेंबरचे स्मरणपत्र मागे घेण्यात येत आहेत. सहा वर्षांपूर्वी तुमच्या कार्यालयास पाठवलेले पाच पानी पत्रही मागे घेण्यात येत आहे, उदाहरणे एक ते नऊ यांसह. कॅसेटबाबत तुम्ही केलेली कारवाई माझ्याच लेखी सूचनेनुसार झाली असल्याने तुमच्याविरुद्ध तक्रार नाही. माफीनाम्याची आवश्यकता नाही. समक्ष येण्याची सक्ती नाही. आल्यास बेल चालू आहे.

केवळ एका बाबीचा खुलासा हवा आहे. सदर रेकॉर्डिंग झाले त्या संध्याकाळी मी दाराला बाहेरून कडी घालून ड्यूटीवर गेले. परत आले तेव्हा तू झोपला होतास. कुकर उघडून बघितल्याचे मला आठवत नाही.

त्या दिवशी तू जेवलास की नाही, एवढे लेखी कळवावे. सोबत माझा पत्ता घातलेले पोस्टकार्ड जोडले आहे. त्यावर मी दोन्ही उत्तरे लिहून ठेवली आहेत, जेवलो आणि जेवलो नाही. लागू नसेल ते खोडावे. सहीची गरज नाही.

बुधवारी १७ तारखेला मुक्तिदिनाची सुट्टी आहे, ती सवलत धरून उत्तर गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५ रोजी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे. त्यानंतर आलेले उत्तरही स्वीकारले जाईल.

सिंधु मल्लिनाथ बिडवे, नांदेड.